आधी जमीन बघा, मग स्टँड लावा: खान्देशात मोटरसायकल लावायची, चढायची-उतरायची रीत

शिकाऊ माणसाची मोटरसायकल पहिल्यांदा पडते ती बहुतेक वेळा उभीच्या उभी. वेग शून्य, समोर कुणी नाही, घराचा ओटा दोन पावलांवर, आणि गाडी आडवी. हायवेची धास्ती असते म्हणून तिथे माणूस जपून चालवतो. दारात गाडी लावताना मात्र मन आधीच घरात शिरलेलं असतं. शिकवणारे क्लच-गिअर शिकवतात, मैदानात आठचा आकडा काढून घेतात. गाडी कुठे आणि कशी उभी करायची, तिच्यावरून कसं उतरायचं, हे कुणी बसवून सांगत नाही. ‘त्यात काय सांगायचं’ असा सगळ्यांचा समज.

साध्या शंभर सीसीच्या गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास असतं, बुलेटचं १९० च्या वर. सरळ उभी असेल तोवर ती दोन बोटांनी सावरते. एका मर्यादेपलीकडे कलली की पैलवानालाही आवरत नाही. तेव्हा ती तिथवर कलूच द्यायची नाही. याची सुरुवात गाडीपासून होत नाही, पायाखालच्या जमिनीपासून होते.

जमीन ओळखा

आपल्याकडे तापीकाठची काळी माती. कापसाला सोनं, स्टँडला वैरी. पावसाळ्यात वावराच्या बांधावर साइड स्टँडवर गाडी लावली तर लगेच काही होत नाही, आणि फसवणूक तिथेच होते. स्टँडचं टोक हळूहळू रुतत जातं. तुम्ही पंधरा-वीस मिनिटांत पाण्याची मोटार चालू करून परत येता तोवर गाडी डावीकडे इतकी कललेली असते की वाऱ्याची झुळूकही पुरते. उन्हाळ्यात हीच जमीन दगडासारखी कडक होते, पण तिला भेगा पडतात. स्टँड नेमका भेगेवर आला तर आत जातो. म्हणून स्टँड लावण्याआधी ती जागा टाचेनं दाबून बघा. टाच उमटली तर स्टँडही रुतणार.

दुसरी जमीन म्हणजे डांबर. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा दुपारी डांबर मऊ पडतं. गाडीचा बराच भार स्टँडच्या दोन बोटांएवढ्या टोकावर येतो आणि टोक सावकाश आत जातं. चहाच्या टपरीसमोरचा रस्ता नीट बघा. नाण्याएवढे, बोटभर खोल खड्डे ओळीनं दिसतील. ते सगळे साइड स्टँडचे.

दोन्हीवर उपाय एकच आणि फुकटचा: तळहाताएवढा फरशीचा किंवा लाकडी फळीचा तुकडा गाडीत ठेवा आणि स्टँडखाली सारा. भार पसरतो, टोक रुतत नाही. फळीला भोक पाडून सुतळी बांधली तर बसल्या जागेवरून ओढून घेता येते, नाहीतर दर वेळी ती तिथेच राहून जाते. ऐनवेळी काही नसेल तर चपटा दगड चालतो. गोल गोटा नको.

मुरमाच्या जागेवर स्टँड रुतत नाही, पण पाय घसरतो. वरचे खडे सुटे असतात आणि उतरताना सगळा भार एका पायावर असतो. बुटानं खडे बाजूला सारा, मग पाय टेकवा. पावसाळ्यात अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं, तिथेही हेच. स्लिपर घालून गाडी लावणाऱ्यांना फरशी बरोबर ओळखते.

उतार कुठे आहे?

साइड स्टँड डावीकडे असतो, म्हणजे गाडी डावीकडे रेलून उभी राहते. आता आपला रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून तो मधे उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. तुम्ही डाव्या कडेला गाडी लावता, तिथे जमीन डावीकडेच खाली जाते. म्हणजे गाडी मुळात रेललेली, त्यात उतारही त्याच बाजूला. कडेला साइडपट्टी खचलेली असेल तर मग विचारूच नका. उलट डावीकडची जमीन उंच असेल तर गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि कुणाची पिशवी घासली तरी उजवीकडे कोसळते. दोन्ही वाईट. सर्वांत चांगली जागा म्हणजे सपाट, किंवा डावीकडे अगदी किंचित उतार असलेली. गाडी लावली की दोन पावलं मागे सरकून तिच्याकडे बघा. ती फार लवलेली वाटली तर जागा बदला, किंवा गाडी थोडी तिरपी फिरवा. नुसती दिशा बदलली तरी उताराचा परिणाम बदलतो.

चढ-उताराच्या रस्त्यावर गाडीचं तोंड चढाकडे ठेवायचं आणि पहिला गिअर टाकून ठेवायचा. कारण साधं आहे. साइड स्टँड पुढच्या बाजूला उघडतो. तोंड उताराकडे असेल आणि गाडी हातभर पुढे सरकली तर स्टँड आपोआप मिटतो. तोंड वर असेल तर गाडी मागे रेटली जाते आणि स्टँड उलट घट्ट होतो. गिअरमुळे मागचं चाक अडतं. तोरणमाळच्या घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडकडे चढताना फोटोसाठी थांबलात तर मागच्या चाकामागे एक दगडही लावा. वळणावर मात्र थांबूच नका, फोटो कितीही चांगला येणार असला तरी. स्कूटरला गिअर नसतो. तिच्या ब्रेकला पार्किंगची खिट्टी असेल तर ती लावा, नसेल तर उतारावर लावायच्या भानगडीत पडू नका.

आणखी एक. गाडी आत घालताना बाहेर कशी काढणार हे आधी ठरवा. गल्लीतल्या उतरत्या अंगणात तोंड आत घालून लावली तर निघताना शंभर किलो मागे, चढावर ओढायचे. नवख्याच्या हातून गाडी पडायची ही हमखास वेळ. लावतानाच मागचं चाक भिंतीकडे आणि तोंड रस्त्याकडे करून ठेवलेलं बरं.

कुठे लावू नये

चौकात, वळणावर, झेब्रा पट्ट्यांवर, फुटपाथवर, बसथांब्यापाशी, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या फाटकात आणि लावलेल्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावायची नाही. हा नियमच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाणं गुन्हा ठरतो, आणि कलम १२७ प्रमाणे ती उचलून नेता येते. ‘दोन मिनिटांत येतो’ हे टोइंगवाल्यांनी रोज ऐकलेलं असतं.

कायद्यात नसलेल्या जागा आठवडे बाजारात कळतात. बांधलेल्या बैलाशेजारी किंवा म्हशीशेजारी गाडी लावू नका. म्हैस अंग खाजवायला आधार शोधते, आणि तिला तुमच्या साइड स्टँडचं काही पडलेलं नसतं. केळीच्या ट्रकामागेही लावू नका. मागे घेताना ड्रायव्हरला आरशात मोटरसायकल दिसत नाही. सावदा-रावेरकडे केळीच्या हंगामात ट्रक सारखे पुढेमागे होत असतात, तिथे हे विशेष सांभाळा.

सावली शोधताना घड्याळ बघा. सकाळी दहाची सावली दुपारी दोनला तिथे नसते. तीन तासांनी यायचं असेल तर आता ऊन असलेली पण दुपारी सावली येणारी जागा, म्हणजे बहुधा झाडाच्या किंवा भिंतीच्या पूर्वेकडची, धरा. नाइलाज असेल तर सीटवर उपरणं किंवा गोणपाट टाका. तापलेल्या रेक्झिनवर बसल्याबरोबर माणूस दचकून उठतो आणि तेवढ्यात गाडी हातची जाते. उन्हात उभी राहणार असेल तर टाकीही काठोकाठ भरू नका. पेट्रोल तापलं की फुगतं.

मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला वळवाचं वादळ येतं. जे वारं उभी केळी आडवी करतं ते तुमची गाडीही करतं. अशा दिवसांत मोठ्या झाडाखाली, होर्डिंगखाली, पत्र्याच्या शेडलगत लावू नका. गाडीवर कव्हर घातलं असेल तर ते खालून बांधा, नाहीतर त्याचं शीड होतं.

थांबणं आणि उतरणं

आता मुख्य काम. हा क्रम तोंडपाठ करा आणि पहिले काही दिवस मनात म्हणत करा.

जागा ठरली की वेग कमी करा, पहिला गिअर, आणि शेवटचे चार-पाच हात हँडल सरळ ठेवून या. अगदी हळू वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी वळलेल्या बाजूला धपकन पडते. नवख्यांच्या बहुतेक पडझडीचं कारण हेच. वळायचं असेल तेव्हा मागचा ब्रेक हलका वापरा. पूर्ण थांबायच्या क्षणी चाक सरळच हवं.

थांबलात की डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. किल्ली फिरवून इंजिन बंद करा. पुढचा ब्रेक धरूनच डाव्या पायानं साइड स्टँड पुढे ढकला, अगदी अडेपर्यंत. अर्धवट उघडलेला स्टँड दिसतो उघडलेला, पण भार आल्यावर मिटतो. म्हणून एकदा खाली वाकून बघाच. मग गाडी हळूहळू डावीकडे रेलू द्या. स्टँडनं भार घेतला हे मांड्यांना कळतं: गाडी एकदम हलकी लागते. तोपर्यंत सीटवरून उठायचं नाही. मग हँडल डावीकडे वळवा, त्यानं गाडी आणखी स्थिर बसते आणि हँडल लॉकही बहुतेक गाड्यांना त्याच बाजूला लागतो. शेवटी डाव्या पायावर उभं राहून उजवा पाय मागून फिरवा. मागे गोणी किंवा पेटी बांधलेली असेल तर पाय अडकतो. तेव्हा गुडघा वाकवून टाकीवरून पुढून काढा. घाई नको, लोक बघत असले तरी.

डावीकडूनच का? आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून डावीकडे उतरलं की माणूस कडेला उतरतो, ट्रकाच्या बाजूला नाही. शिवाय बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि तासभर चालवल्यावर पोटरीला लागला तर कातडं सोलून निघतं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेलात तर तिथेही स्वार डावीकडूनच चढताना दिसतील. गाडीनं ती सवय उचलली एवढंच.

चढणं

चढण्याआधी गाडीभोवती एक नजर टाका. टायर बसलाय का, खाली तेल सांडलंय का, चाकाला साखळी किंवा डिस्क लॉक लावलाय का. डिस्क लॉक विसरून निघालेला माणूस दोन हातांवर आडवा होतो. लॉकपासून हँडलपर्यंत एक भडक रंगाची दोरी बांधून ठेवा. विसरताच येणार नाही.

हेल्मेट खाली उभं राहून घाला. गाडीवर बसून दोन्ही हातांनी हनुवटीखालचा पट्टा लावत असाल तर ब्रेक कुणी धरला?

मग डावीकडे उभे राहा. डावा हात डाव्या मुठीवर, उजवा हात पलीकडे नेऊन पुढचा ब्रेक दाबलेला. पाय उंच उचलून मागून फिरवा आणि बसा. कमी उंचीच्या माणसाची इथे घालमेल होते. दोन्ही पाय पुरे टेकायलाच हवेत असं काही नाही. बूड किंचित डावीकडे सरकवून एक डावा पाय पुरता टेकला तरी गाडी धरता येते. बसल्यावर हँडल सरळ करा, गाडी सरळ उभी करा, आणि मग स्टँड वर घ्या. क्रम उलटा करू नका. स्टँड आधी वर आणि गाडी मग सरळ, असं केलं की सगळं वजन तुमच्या डाव्या पायावर येतं.

स्टँड वर घ्यायचा राहिला तर डावीकडच्या वळणावर तो जमिनीला टेकतो आणि गाडी उचलून फेकतो. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. जुन्या गाडीत ही सोय नसते. गाडीचा नंबर धुळ्याचा एमएच १८ असो, जळगावचा १९ असो की नंदुरबारचा ३९, मागून कुणी ‘भाऊ, स्टँड!’ किंवा ‘ताई, ओढणी!’ असं ओरडलं तर चिडू नका. आपल्याकडे अनोळखी माणूसही हॉर्न वाजवून, हातानं खूण करून हे सांगतो. लगेच आरशात बघा, कडेला घ्या, मग स्टँड वर करा. चालत्या गाडीवर खाली वाकून पाय शोधू नका.

डबल स्टँड

रात्रभर गाडी ठेवायची असेल, जमीन कडक आणि सपाट असेल तर डबल स्टँड, म्हणजे गाडी सरळ उभी धरणारा मधला दोन पायांचा स्टँड, चांगला. याला ताकद लागते हा गैरसमज आहे. डावीकडे उभे राहा, डाव्या हातात डावी मूठ, उजवा हात सीटमागच्या दांडीवर. उजव्या पायानं स्टँड खाली दाबा आणि गाडी पूर्ण सरळ करा. स्टँडचे दोन्ही पाय एकदम जमिनीला लागले की तळपायाला कळतं. एकच लागला असेल तर पुढचं करू नका. दोन्ही लागले की अंगाचं सगळं वजन त्या उजव्या पायावर टाका, जणू पायरी चढताय. गाडी मागे सरकून आपणहून चढते. उजव्या हातानं फक्त दिशा द्यायची. कंबरेनं ओढणाऱ्याची कंबर धरते आणि गाडी तिथेच राहते.

खाली घेताना आधी साइड स्टँड उघडा, मग गाडी पुढे ढकला. हातून सुटायला लागली तर डावीकडे साइड स्टँडवर रेलवता येते. उतारावर तोंड खाली करून डबल स्टँड लावला तर ती धक्क्यानं पुढे निघून जाते.

मागे बसणाऱ्यांसाठी

नियम एकच: चालवणारा आधी चढतो आणि सर्वांत शेवटी उतरतो. गाडी साइड स्टँडवर असताना मागे कुणी बसायचं नाही. दोघांचा भार आला की स्टँड वाकतो. चालवणाऱ्यानं दोन्ही पाय टेकवून, पुढचा ब्रेक दाबून ‘बसा’ म्हणावं, मग मागच्यानं डावीकडून चढावं. खांद्याला धरावं, हँडलला किंवा आरशाला नाही. उतरताना ‘आलो आपण’ म्हणताच उडी मारायची नाही. चालवणाऱ्यानं ‘उतरा’ म्हटल्यावरच.

आई किंवा आजी लुगडं-साडी नेसून एका बाजूला बसत असतील तर त्यांना चढायला ओट्याची किंवा पायरीची उंची द्या, म्हणजे गाडीच ओट्यालगत नेऊन उभी करा. पदर पुढे घेऊन कमरेला खोचलेला हवा, ओढणीचीही टोकं बांधलेली हवीत. मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण आणि मागच्याला धरायला दांडी असावी असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे; जुन्या गाडीची साडी-जाळी कुणी काढून टाकली असेल तर ती परत बसवून घ्या.

लहान मुलांबद्दल थोडं कडक बोलतो. इंजिन चालू ठेवून बाप उतरतो, मूल टाकीवर किंवा स्कूटरच्या पायरीवर उभं, आणि ते खेळत मूठ पिळतं. गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर नुसती ओरडते; स्कूटर मात्र मुलाला घेऊन थेट भिंतीवर जाते. बॅटरीच्या स्कूटरचा तर आवाजही येत नाही, ती चालू आहे हे मोठ्यांनाही कळत नाही. आधी किल्ली बंद, मग मूल खाली, मग तुम्ही. चार वर्षांखालच्या मुलाला नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट लागतं आणि वेग ४० च्या वर न्यायचा नाही, हा नियम २०२३ पासून लागू आहे.

ओझं असेल तर

दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतील आणि गाडी साइड स्टँडवर असेल तर आधी उजवीकडचा कॅन उतरवा. डावीकडचा आधी काढला तर उजवा कॅन गाडीला पलीकडे ओढतो. चाऱ्याचा भारा किंवा सिलिंडर असेल तर उतरवायला दुसरा माणूस बोलवा आणि तुम्ही गाडीवरच बसून राहा.

पडलीच तर

आधी तुम्ही ठीक आहात का ते बघा, मग किल्ली बंद करा. पेट्रोल गळत असेल तर विडी-सिगारेटवाल्यांना लांब पाठवा. डावीकडे पडली असेल तर सरळ उचलायला लागा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे पडणार नाही. शक्य असेल तर गिअरही टाका.

उचलताना गाडीकडे पाठ करा. बूड सीटच्या कडेला टेकवा, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून एका हातानं खालची मूठ धरा, दुसऱ्या हातानं मागची दांडी. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे रेटत जा. गाडीकडे तोंड करून हँडल उपसलं तर कंबरेत उसण भरते. जवळ कुणी असेल तर हाक मारा, लाजू नका. खान्देशात पडलेली गाडी उचलायला चार माणसं न बोलावता येतात.

उभी झाल्यावर लगेच सेल्फ मारू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात क्लच आणि ब्रेकचे लिव्हर वाकलेत का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, मागच्या ब्रेकचं पेडल आत दबलंय का हे बघा. ब्रेकचा लिव्हर मोडला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, गॅरेजवाल्यालाच बोलवा.